सकाळची शाळा, रंकाळ्याच्या फेऱ्या आणि घर

पत्र : मी ४३ वर्षांचा असून कोल्हापुरातील एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. दोन वर्षांपासून मित्रांच्या गटाबरोबर रंकाळ्याभोवती धावतो आणि यंदा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण करण्याची इच्छा आहे. मार्च लागला की शाळा सकाळची होते, दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात आणि पाठोपाठ वार्षिक परीक्षा व निकालपत्रके. पहाटे साडेचारला उठून धावतो, रात्री साडेअकरापर्यंत घरी पेपर तपासतो. सातवीतली मुलगी बेरजा पडताळून देते. पत्नी पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या रविवारी चटणीच्या मिरच्या कांडपाला न्यायच्या होत्या, ते विसरून मी लांबच्या सरावाला गेलो. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही तळ्याला फेऱ्या घालता, मी घरातल्या घरात घालते." मला कसलेही व्यसन नाही, आरोग्यासाठीच धावतो. वेळेचे नियोजन कसे करावे?

उत्तर : सर, आपण नियोजनाचा प्रश्न विचारला आहे, परंतु आपल्या पत्नीचे जे एक वाक्य आपण प्रामाणिकपणे उतरवून दिले आहे, त्यात तक्रार धावण्याविषयी नाही. सकाळची शाळा सुरू झाली की घरातील सगळी घाई पहाटे पाच ते साडेसहा या दीड तासात गोळा होते. डबे, पाणी भरणे, मुलीची तयारी आणि स्वतःची कामावर जाण्याची तयारी हे सारे नेमके त्या वेळी त्यांच्यावर येते, ज्या वेळी आपण तळ्याकाठी असता. वर्षाच्या इतर महिन्यांत शाळा दुपारची असल्यामुळे आपण धावून परत आल्यावरही हातभार लावण्यास वेळ उरत असेल आणि म्हणूनच हा ताण एरवी दिसला नसेल. "व्यसन नाही" हे वाक्य मात्र कृपया घरात उच्चारू नये. आपल्या निर्व्यसनीपणाची किंमत पत्नीने पहाटे एकटीने राबून चुकवावी, असा त्याचा अर्थ त्यांना लागल्यास नवल नाही.

आता उत्तरपत्रिकांविषयी. मुलगी बेरजा पडताळते, हे आपण ओघात लिहिले आहे, पण मला ते सर्वांत गंभीर वाटले. बोर्डाच्या उत्तरपत्रिका गोपनीय असतात आणि त्या घरातील कोणाच्याही हाती जाणे उचित नाही. मुलगी कितीही हुशार आणि विश्वासू असली तरी नाही. आपणास मदत लागते याचे कारण गणिताचे नसून झोपेचे आहे. साडेअकरा ते साडेचार म्हणजे जेमतेम पाच तास. एवढ्या झोपेवर रात्री तपासलेल्या पेपरात एखाद्या विद्यार्थ्याचे चार गुण बेरजेत सुटले, तर ते तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांच्या नजरेस येतीलच याची खात्री कोण देणार? सकाळची शाळा दुपारी बाराच्या सुमारास सुटते. तेथून तडक घरी न येता, जेवणाचा डबा सोबत नेऊन, शाळेतच पंख्याखाली अडीच-तीन तास बसून गठ्ठा संपवावा आणि तो शाळेतच कुलूपबंद ठेवून निघावे. मुख्याध्यापकांना सांगितल्यास एखादी खोली मिळणे अवघड नसावे. असे केल्याने आपली संध्याकाळ मोकळी होईल आणि रात्री दहाला झोपता येईल.

झोपेविषयी कोल्हापूरच्या माणसाला अधिक काय सांगावे? मेहनत, खुराक आणि आराम ही तिन्ही मिळून पैलवान घडतो, हे आपल्या तालमींत पोरासोरांनाही ठाऊक असते. सकाळचा घाम गाळून आलेला पैलवान दुपारी झोपतो, तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणत नाही. हौशी धावपटू मात्र मेहनत तेवढी मोजतात. किलोमीटरचे आकडे गटावर टाकतात आणि झोपेचे तास कोणाला सांगत नाहीत.

धावण्यात कपात करावी लागेल, हे स्पष्ट सांगते. परंतु त्याने आपले फारसे बिघडणार नाही. साताऱ्याची शर्यत साधारणपणे सप्टेंबरमध्ये असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे बारा आठवडे मिळतात आणि नियमित धावणाऱ्याला २१ किलोमीटरच्या तयारीसाठी तेवढे पुरतात. शिवाय त्या काळात हवा थंड असते आणि शाळा दुपारची असते. असे असताना चैत्राच्या उन्हात, परीक्षेच्या हंगामात, लांब पल्ले वाढवण्याची घाई कशासाठी? सध्या आठवड्यातून तीन वेळा धावणे पुरेसे आहे. दोन दिवस अर्धा-पाऊण तास, त्यांपैकी एक दिवस थोडे वेगाने, आणि सुट्टीच्या दिवशी एखादी बऱ्यापैकी फेरी. वेग पूर्णपणे सोडला नाही तर कमावलेला दम काही आठवड्यांत ओसरत नाही. शर्यतीच्या मार्गातील यवतेश्वरच्या घाटाची तयारी म्हणून चढाचा सराव करावासा वाटला, तर विद्यापीठाच्या परिसरातील उतार-चढ सध्या पुरेत. पन्हाळ्याचा चढ मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा. तसेही चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते आणि त्या दिवसांत तिकडच्या रस्त्यावर भाविकांची व वाहनांची इतकी गर्दी असते की पहाटेच्या अंधारात तेथे धावणे शहाणपणाचे नाही.

शाळेच्या दोन दिवसांचे धावणे संध्याकाळी ऊन उतरल्यावर करावे, म्हणजे पहाटेची ती दीड तासाची वेळ घरासाठी मोकळी होते. त्या वेळेत "काही मदत करू का?" असे विचारू नका. मदत विचारणारा माणूस काम वाटून देण्याचे आणखी एक काम समोरच्याच्या गळ्यात टाकतो. डबे आणि पाणी ही दोन कामे पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत. भाजी कोणती करायची, हे आदल्या रात्री ठरवणेसुद्धा त्यातच आले. भाकऱ्या थापता येत नसतील तर चपात्यांपासून सुरुवात करावी. भूगोलाचे नकाशे निघाले तरी चालेल, मुलगी हसेल आणि खाईल. आठवड्यातील एक पहाट पत्नीची असावी. त्या वेळी त्यांनी फिरायला जावे, मैत्रिणीकडे जावे किंवा सातपर्यंत झोपून राहावे. त्यांना धावण्याची गोडी लावण्याचा प्रयत्न मात्र करू नका.

मिरच्या अजून घरातच असतील, तर येत्या रविवारी धावण्याची सुट्टी घेऊन कांडपाला बसावे. कोल्हापुरात वर्षाची कांदा-लसूण चटणी हे घरातील मोठे काम असते. मिरच्यांची देठे खुडून त्या वाळवणे, मसाला भाजणे, लसूण सोलणे ही सगळी तयारी त्यांनी नोकरी सांभाळून आधीच केली असणार. अशा वेळी शेवटच्या टप्प्यातील माणूस तळ्यावर निघून गेला, हे त्यांना लागले आहे. लांबलचक माफीपेक्षा रांगेत उभे राहून, शिंकत-खोकत, चटणीचा डबा घरी आणणे अधिक उपयोगी पडेल. गटातील मित्रांना मे महिन्यापर्यंत रविवारी नियमित येणार नसल्याचे आधीच कळवून टाकावे, म्हणजे पहाटे त्यांचे फोन येणार नाहीत. साताऱ्याच्या नावनोंदणीचे पैसे भरण्याआधी, जून ते सप्टेंबरचे रविवार कसे जातील हे पत्नीसमोर दिनदर्शिका ठेवून ठरवावे. त्यांनी एखाद्या रविवारी नकार दिला, तर तो रविवार सोडावा.

शेवटची गोष्ट आरोग्याची. ४३ व्या वर्षी घाटातील शर्यत पहिल्यांदाच धावणार असाल, तर उन्हाळी सुट्टी लागताच डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावे. सध्याच्या उष्म्यात धावताना चक्कर आली, छातीत दडपण वाटले किंवा घाम येणे अचानक थांबले, तर फेरी अर्धवट सोडून सावलीत बसावे, सोबतच्या माणसाला लगेच सांगावे आणि थेट डॉक्टरांकडे जावे.