नपुंसक, भ्रूकुंस आणि केसपेपर

एका रुग्णालयातल्या परिचारिका विचारतात: 'प्राइड महिन्यासाठी कर्मचाऱ्यांना सूचना लिहायच्या आहेत. ट्रान्सजेंडर रुग्णाच्या केसपेपरवर काहीजण नपुंसक लिहितात, बोलताना ते आलं, ते गेलं म्हणतात. व्याकरणात बसतं ना?'

नाही बसत. समलिंगी, तृतीयपंथी, नपुंसक हे तिन्ही शब्द एकाच माणसाला चिकटवणारे सुशिक्षित लोक रोज भेटतात. समलिंगी म्हणजे कोणाविषयी ओढ वाटते ते, ट्रान्सजेंडर म्हणजे स्वतःची ओळख काय ते. पुढे.

खरी मजा 'नपुंसक'मध्ये आहे. 'न + पुंसक, म्हणजे पुरुष नव्हे तो' असं बेधडक सांगणाऱ्यांनी 'पुंसक' हा सुटा शब्द कुठे वापरात आहे ते आधी दाखवावं. काशिका या पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेतली फोड आहे 'न स्त्री न पुमान्': बाईही नाही, बाप्याही नाही. त्यातल्या स्त्री-पुंसाचं 'पुंसक' झालं ते निपातनाने, म्हणजे नियमाबाहेर, तसंच रूप मान्य करून. एरवी नकाराच्या 'न'चा 'अ' होतो: अज्ञान, अशक्त. पाणिनीने मात्र 'न' टिकवणाऱ्या शब्दांची एक यादीच दिली आहे. तीत नपुंसकाचे शेजारी कोण? नख, नकुल, नक्षत्र आणि नाक! (हे नाक म्हणजे स्वर्ग: न अक, जिथे दुःख नाही. चेहऱ्यावरचं नव्हे.) नपुंसकत्व म्हणजे दुबळेपणा, हा अर्थ या फोडीत औषधालाही सापडत नाही.

'पण लिंग शरीरावरून ठरतं, पतंजलीच म्हणतो,' असं सांगत कोणी 'स्तनकेशवती स्त्री' (स्तन आणि केस असलेली ती स्त्री) हा श्लोक तोंडावर फेकतो. या पंडितांनी महाभाष्याचं, म्हणजे पतंजलीच्या व्याकरणग्रंथाचं, पुढचं पान उलटलेलं नसतं. पतंजली ती व्याख्या मांडून लगेच तपासतो: बाह्य खुणाच बघायच्या, तर भ्रूकुंसाला, म्हणजे स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला, स्त्रीलिंगी शब्दाचा प्रत्यय लावावा लागेल! खाट आणि झाड यांच्या अंगावर तर कुठलीच खूण नाही, तरी त्या शब्दांना लिंग आहेच. चर्चा शब्दांच्या लिंगाची आहे हे मान्य, पण नुसतं बघून लिंग ठरवणं फसतं हे त्याला दोन हजार वर्षांपूर्वी दिसलं होतं. 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा मला आधी भ्रूकुंस आठवला.

हां, केसपेपर. नपुंसक खोडा. ओळख रुग्ण सांगेल ती लिहा: ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, तृतीयपंथी, जे असेल ते. प्रोस्टेट आहे की गर्भाशय, हा तपासणीचा प्रश्न. त्याला वेगळा रकाना.

बोलण्यात घोळ 'ते'चा नाही, क्रियापदाचा आहे. 'ते आले' हे आदराचं. बोलताना 'ते आलं' म्हटलं की माणसाचं मांजर झालं. रुग्णाने 'ती' म्हणा सांगितलं असेल तर 'त्या आल्या', विषय संपला. माहीत नसेल तेव्हा मराठी स्वतःच सांभाळून घेते. 'तुम्ही कधी आलात?' यात लिंग नाही. 'त्यांनी गोळी घेतली' यात लिंग आहे ते गोळीचं. 'झोपले की झोपल्या' असं अडलं, तर 'त्यांना झोप लागली'. ड्यूटी बदलताना एवढ्यावर निभावतं. पण 'तुम्हाला काय म्हणू?' हे पहिल्या भेटीतच, इतरांच्या कानाआड विचारा आणि उत्तर कागदावर उतरवा. नाहीतर रात्रपाळीची सिस्टर पुन्हा तेच विचारणार, तेही वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात.