सात घोडे, आठ घोडे आणि आग्नेय कोपऱ्याचं भांडण

प्रश्न: ताई, माझा जन्म १० जानेवारी १९९० चा. नेटवर बघितलं तर १९९० म्हणजे चिनी राशीत घोडा आणि यंदा २०२६ पण घोड्याचंच वर्ष! हॉलमध्ये सोफ्यामागे धावत्या घोड्यांचं मोठं पेंटिंग लावायचंय, दुकानात सात घोड्यांचं मिळतंय. कुठल्या भिंतीला लावू? – एक वाचक, ठाणे

उत्तर: रागावू नका हं, पण तुम्ही घोडा नाहीच आहात 😄 चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, ते चंद्रावर चालतं, आपला पाडवा कसा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो तसं. १९९० साली त्यांचं नवीन वर्ष लागलं २७ जानेवारीला, म्हणजे तुम्ही आधीच्या वर्षातले, साप! यंदाचं घोड्याचं वर्षही १७ फेब्रुवारीला लागलं. आणि जे खरे घोडावाले आहेत ना ते काही हुरळून जात नाहीत बरं, कारण तिकडे आपल्याच राशीचं वर्ष म्हणजे जरा जपून राहायचं वर्ष, म्हणून लोक वर्षभर लाल मोजे, लाल पट्टा, अगदी लाल चड्डी पण घालतात.

आता साप म्हटल्यावर घरातल्या मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, नागपंचमीची पूजा वेगळी आणि शोकेसमध्ये नागोबा वेगळा. मूर्ती नकोच. सापाचं तत्त्व अग्नी धरतात आणि अग्नीला पोसतं लाकूड, त्यामुळे लाकडी टीपॉय, हिरवे पडदे आणि एकदोन लाल कुशन कव्हर, बास झालं. अख्खी भिंत लाल करायच्या भानगडीत पडू नका, मे महिन्यात त्या हॉलमध्ये बसवणार नाही.

पेंटिंग मात्र आवडलंय तर लावा की, त्याला रास कशाला लागते. फक्त ते सात घोडे सूर्याच्या रथाचे, आपल्या वास्तुवाल्यांचे. चिनी चित्रात आठ असतात, झोउ घराण्यातल्या मू राजाचे, आणि आठ हा आकडा तिकडे भलताच लाडका. चिनी पद्धतीनेच करायचं असेल तर आठवालं शोधा, भिंत दक्षिणेची, कारण त्यांच्या होकायंत्रावर घोड्याची जागा बरोबर दक्षिणेला येते, आणि घोड्यांची तोंडं घराच्या आत, दाराकडे पळत सुटलेले नकोत.

प्रश्न: फेंगशुईवाला म्हणतो आग्नेय कोपऱ्यात कारंजं ठेवा, सासूबाई म्हणतात तिथे पाणी अजिबात नको. कोणाचं ऐकू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हीच तर गंमत आहे. वास्तुशास्त्रात आग्नेय म्हणजे अग्नीचा कोपरा. फेंगशुईत तोच कोपरा लाकडाचा आणि पैशाचा, आणि लाकूड वाढायला पाणी लागतं म्हणून कारंजं. दक्षिणेचंही तसंच, आपल्याकडे दक्षिणमुखी फ्लॅट म्हटलं की गिऱ्हाईक मागे फिरतं आणि चीनमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेलं घर सगळ्यात चांगलं, बीजिंगचा अख्खा राजवाडा दक्षिणमुखी आहे, कारण तिकडे हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून. आपल्याला कुठे आलाय तो सैबेरियाचा वारा! त्यामुळे एका घरात एकच शास्त्र चालवा, दोन्ही मिसळलीत की प्रत्येक कोपऱ्यावरून भांडण. तुमच्या घरात सासूबाईंचं चालत असेल तर कारंजं विसरा आणि तिथे कुंडीत, मातीत लावलेलं एखादं झाड ठेवा, त्याला दोघंही नाही म्हणणार नाहीत. लकी बांबू पण चालेल (तो बांबू नाहीच म्हणा, ड्रॅसिना आहे आणि मूळचा आफ्रिकेतला), पण तोही मातीतच लावा. काचेच्या भांड्यात ठेवलात तर पुन्हा पाणी आलंच, शिवाय ते दर आठवड्याला बदला, नाहीतर लक्ष्मी यायच्या आधी डेंग्यूचे डास येतील. थेट उन्हात ठेवू नका, पानं करपतात.

प्रश्न: बेडसमोरच कपाटाचा आरसा येतो, वन बीएचकेत कपाट हलवायला जागाच नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कपाट हलवू नका. फेंगशुईत झोपलेला माणूस आरशात दिसू नये एवढंच म्हणणं आहे, त्यामुळे वर एक रॉड लावून पातळ पडदा सोडा, रात्री ओढायचा, सकाळी भांग पाडायला बाजूला. भाड्याचं घर असेल आणि ड्रिल मारायला मालक नाही म्हणत असेल तर स्प्रिंगवाला टेन्शन रॉड मिळतो, कपाट कोनाड्यात असेल तर तो दोन भिंतींमध्ये मस्त अडकतो.