'नाव वगळले' की 'नाव गाळले'?

प्रश्न असा आहे: मतदार यादीत आजीचं नाव नाही, तर अर्जात 'नाव वगळले' लिहायचं की 'नाव गाळले'? दोन्हींचा अर्थ एकच ना?

नाही. 'हा नको' असं कुणीतरी ठरवल्याशिवाय काही वगळलं जात नाही. 'गाळणे'ला निदान 'गळणे' हे भावंड आहे. नाव गाळलं तर कुणीतरी गाळलं. गळलं तर टाइप करताना आपोआप गेलं. 'वगळणे'ला असं निरपराध भावंड नाही.

हे मी भांडून सांगतो, त्याला कारण आहे. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकाला बाबा ऑर्गनवर बसायचे. रात्र फार चढली, नटाचा गळा बसला, की पुढची दोन पदं तेच खुणेनं गाळायचे. मंडळाने स्मरणिका काढली. त्यात पडदा ओढणारा, माइकवाला, चहा देणारा, सगळ्यांची नावं. बाबांचं नाही. आदल्या वर्षी बाबांनी बैठकीत जमाखर्च मागितला होता, हे जाता जाता सांगतो. चिटणीस बाजारात भेटले तेव्हा कोकणीत म्हणाले, "उरलें मरे तें!" राहून गेलं, एवढंच. चला, होतं असं. पण नंतर लेटरहेडवर मराठीत पत्र आलं: 'आपले नाव अनवधानाने वगळले गेले, क्षमस्व.' मी उलट कळवलं की अनवधानाने तरी म्हणा, नाहीतर वगळले तरी म्हणा. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. उत्तर आलं, 'शब्दांचा कीस काढू नये.' बाबा पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्गनवर बसले. त्यांना काही नव्हतं, राग मला आहे.

ठरवून वगळल्याचा नमुना हवा तर 1987 चा गोव्याचा राजभाषा कायदा बघा. देवनागरी कोकणी राजभाषा झाली. शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, पण राजभाषा हे बिरुद तिला नाही. आमच्याकडचे मराठीवादी 'मराठीला वगळलं' म्हणतात. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, क्रियापद बरोबर आहे. विधानसभेत बसून, विचार करून केलेली गोष्ट ती. मराठीतल्या कायदादुरुस्तीतही 'हा मजकूर वगळण्यात येईल' असंच लिहितात, 'गळेल' नाही.

वापराचं थोडक्यात. 'वगळता'च्या आधी सामान्यरूप लागत नाही: 'रविवार वगळता', पण 'रविवाराखेरीज'. माणूस असेल तर 'ला' येतो: 'मला वगळून सगळ्यांना बोलावलं.' 'शिवाय' मात्र जपून. 'बाबांशिवाय दोघे वादक होते' यात बाबा धरायचे की सोडायचे? 'बाबांना वगळता' म्हटलं की वाद नाही.

आता आजी. नाव काढण्यासाठी नमुना 7 चा अर्ज असतो. कुणी तो भरला असेल आणि नाव काढलं असेल, तर 'वगळले' लिहा आणि कोणाच्या अर्जावरून, तेही विचारा. छपाईत गेलं असेल तर 'गळले'. माहीत नसेल तर सरळ 'यादीत नाव आढळत नाही' लिहा आणि नाव घालायला नमुना 6 भरा.

हो, शब्दकोशात 'गाळणे'समोर 'वगळणे' सापडेल, आणि वर्तमानपत्रं 'अनवधानाने वगळले' रोज छापतात, त्यामुळे कारकून तुमची चूक काढणार नाही. पण कार्यालयाने उत्तरात 'अनवधानाने वगळले' लिहिलं, तर ते पत्र फाइलला लावून गप्प बसू नका. दोन्हीपैकी नेमकं काय झालं, ते लेखी मागा. आमच्या चिटणीसांनी अजून दिलेलं नाही.