पोस्ट काढ, पण विषय सोडू नकोस

"ताई, आमच्या अभ्यासगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने आरक्षणावरून आमच्याच एका दलित मित्राची टिंगल केली. मी स्क्रीनशॉट नावासकट फेसबुकवर टाकला. लोक तुटून पडले. आता तो मुलगा घराबाहेर पडत नाही. माझं चुकलं का?" – अस्वस्थ, पुणे

अगं, तुझा संताप रास्तच होता. 'कोट्यातून आलास' हे ऐकत शिकायचं म्हणजे काय, ते सोसणाऱ्यालाच ठाऊक. पण तुझ्या पत्रात ज्याची टिंगल झाली, तो मित्र मला कुठेच दिसला नाही. पोस्ट टाकण्याआधी त्याला विचारलं होतंस? स्क्रीनशॉटमध्ये त्याचंही नाव असणार. म्हणजे त्याचा अपमान आणखी हजार जणांनी वाचला.

आज आधी त्याच्याकडे जा. त्याला काय हवंय ते विचार आणि ऐकून घे. ॲट्रॉसिटीची तक्रार करायची असेल तर सोबत जा. 'जाऊ दे रे' म्हणणाऱ्यांना तिथेच गप्प कर. समोरासमोर बोलायचं असेल तर बैठक घ्या. काहीच नको असेल, तर तेही मान्य कर. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही समेटाचा मार्ग आहे, पण पीडित स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तो मिटवता येत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या लोरेटा रॉस स्वतः बलात्कार सोसलेल्या. त्या तुरुंगात जाऊन बलात्काऱ्यांशी बोलल्या. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीने उदार व्हायचा प्रश्नच नव्हता.

आणि ती पोस्ट काढून टाक. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकू नयेत म्हणून आपल्या चळवळीतले लोक वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला. विशीतल्या पोराला आपणच वाळीत टाकायचं, हे मला पटत नाही.

त्या मुलाला फोन कर, मेसेज नको. स्पष्ट सांग: "पोस्ट काढली, पण तू लिहिलंस ते जातीयवादीच होतं. ज्या ग्रुपवर लिहिलंस तिथेच माफी माग. 'कुणाला वाईट वाटलं असेल तर' असली नको; काय लिहिलं आणि ते का चूक, हे सांगणारी." मात्र माफ करायची सक्ती मित्रावर नको. त्याला वेळ लागेल, कदाचित तो कधीच करणार नाही. तरीही त्या मुलाला गटात यायचं असेल तर येऊ द्यायचं का, हे मित्राला विचारूनच ठरवा.