वाचकांचे प्रश्न : प्लग बदलला तरी तापतोच

प्रश्न : आमच्या घरी एक अश्वशक्तीची आटाचक्की आहे. दळण सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली की प्लगला हात लावणे कठीण होते आणि बोर्डाजवळ जळकट वास येतो. दिवाळीपूर्वी वायरमनने नवा प्लग बसवून दिला. तोही आता एका बाजूने पिवळा पडला आहे. एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नाही. गावात व्होल्टेज कमी असल्यामुळे असे होते, असे सर्वजण सांगतात. ते खरे आहे काय? चक्कीच्याच खोलीत आम्ही वेचणीचा कापूस ठेवतो. (एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून प्रथम एवढेच सांगावेसे वाटते की, दुरुस्ती होईपर्यंत चक्की बंद ठेवावी आणि कापूस त्या बोर्डापासून दूर हलवावा.

व्होल्टेजविषयी लोक सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. व्होल्टेज उतरले की मोटार तेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, आणि सांध्यावरची, म्हणजे पिन, सॉकेट व वायर जेथे जोडली जातात तेथील, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 6 अँपिअरचे 8 झाले, तर उष्णता पावणेदोन पटींहून अधिक होते. तथापि सांधा घट्ट असेल, तर एवढ्यानेही प्लग पिवळा पडत नाही. आपला प्लग एकाच बाजूने पिवळा पडला, ही खूण महत्त्वाची आहे. दोन्ही पिना सारख्या तापत असतील, तर सॉकेट त्या भारासाठी लहान पडते असे समजावे. वायर लांबवर गरम लागत असेल, तर ती बारीक आहे. आणि एकच पिन तापत असेल, तर त्या बाजूचा स्क्रू किंवा सॉकेटमधील पितळी पकड सैल झालेली असते.

एमसीबी का पडत नाही, हेही यातूनच कळते. सैल सांध्याचा रोध 0.2 ओहम धरला आणि 7 अँपिअर प्रवाह धरला, तर तेथे सुमारे 10 वॅट उष्णता निर्माण होते. एका एलईडी बल्बाला लागते तेवढी ही वीज, पण ती सगळी बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र 7 अँपिअरच दिसतात, त्यामुळे त्याच्या लेखी सर्व ठीक असते. आरसीसीबीलाही (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही) हा दोष दिसत नाही, कारण वीज कोठे गळत नाही. म्हणून मोठा एमसीबी बसवणे किंवा किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा यावरचा उपाय नव्हेच. त्याने असलेले संरक्षणही जाते.

नवा प्लग का बिघडला? बहुधा सॉकेट जुनेच राहिले म्हणून. एकदा तापलेल्या पकडीचा ताण जातो, आणि ती नव्या पिनेलाही सैलच धरते. उलट काळवंडलेली पिन नव्या सॉकेटची पकड खराब करते. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बदलावीत. सॉकेट आयएसआय चिन्हाचे, 16 अँपिअरचे घ्यावे आणि त्याच्यापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. जुनी वायर कडक व काळी झाली असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत ती मागे कापावी. तारांच्या टोकाला कथील लावून ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे; ती टाळावी, कारण दाबाखाली कथील हळूहळू पसरते आणि स्क्रू पुन्हा सैल होतो. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर तांब्याला नुसती पीळ देऊन जोडलेली असते. असा सांधा आढळल्यास तो काढून अखंड तांब्याची वायर ओढून घेणेच बरे. हे सर्व काम मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. मीटरच्या सीलमागील जोडणी तापत असेल, तर तिला हात न लावता महावितरणला कळवावे.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरचा प्लग कोमट लागतो. भिंतच तापलेली असते, मग दोष आहे हे कसे ओळखावे? (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कूलर बंद असताना आणि तासभर चालल्यावर प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. घरगुती कूलर साधारण 1 अँपिअरच्या आसपास घेतो; एवढ्याने प्लग भिंतीपेक्षा जाणवण्याइतका गरम होण्याचे कारण नाही. होत असेल, तर पिन सैल आहे, किंवा त्याच एक्स्टेंशन बोर्डावर दुसरा मोठा भार, उदाहरणार्थ इस्त्री, जोडलेला आहे. प्लग बदलताना तीन पिनांऐवजी दोन पिनांचा कधीही बसवू नये. पत्र्याच्या कूलरला, त्यात पाणी असताना, अर्थिंग तोडून चालवणे हे तापलेल्या प्लगपेक्षा अधिक घातक आहे.