दम लागतो म्हणून बसूनच राहायचं का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, त्यांना आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) हा फुफ्फुसाचा आजार आहे, फायब्रोसिसवाला प्रकार, म्हणजे फुफ्फुसात व्रण पडून ते ताठर होतं, त्याचा वेग कमी करणारी निन्टेडॅनिब कॅप्सूल चालू आहे. छातीच्या डॉक्टरांनी आता पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठी देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम, लिहून दिलंय. पण बाबांना बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी दम लागतो, मग व्यायाम कसला करणार? आई म्हणते उगाच ताण दिला तर फुफ्फुस आणखी खराब होईल, त्यापेक्षा आराम करू दे. श्वास ओढून बॉल वर न्यायचं ते तीन बॉलवालं स्पायरोमीटर आणलंय ते रोज ओढतात, तेवढं पुरत नाही का? आणि बसल्यावर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९५ टक्के असतो, तरी व्यायामाला ऑक्सिजन लागेल असं का सांगितलं?

उत्तर : आईंची काळजी समजते, पण या आजारात घरच्यांनी प्रेमापोटी दिलेला सगळ्यात महागात पडणारा सल्ला म्हणजे "तुम्ही बसा, मी करते." कसं होतं बघा, दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू उतरतात, आणि उतरलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे दम आणखी लवकर लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. स्टिरॉइड बरेच दिवस चालू असतील तर स्नायू अजूनच कमजोर होतात. बाबांचा सगळा दम फुफ्फुसातून येत नाहीये, त्यातला बराचसा पायातून येतोय, आणि तेवढा भाग सुधारता येतो.

फुफ्फुसातला फायब्रोसिस रिहॅबने जात नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने तो वाढतो असंही नाही. २०२१ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) आयएलडीवरचे २१ अभ्यास एकत्र पाहिले होते, त्यात रिहॅब केलेले पेशंट सहा मिनिटांच्या वॉक टेस्टमध्ये (सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजतात) बाकीच्यांपेक्षा सरासरी ४० मीटर जास्त चालले, दम कमी झाला आणि व्यायामामुळे गंभीर त्रास झाल्याची नोंद नव्हती. ४० मीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण या आजारात साधारण ३० मीटरचा फरकसुद्धा पेशंटला जाणवतो.

आता त्या ९५ बद्दल. आयएलडीची खोड हीच आहे की बसल्यावर आकडा छान दिसतो आणि चालायला लागलं की धाडकन पडतो. हवेच्या पिशव्या आणि रक्तवाहिन्या यांच्यामधला पडदा जाड झालेला असतो, चालताना रक्त तिथून भरभर पुढे जातं आणि ऑक्सिजन घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून बसून मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका, चालताना मोजा, आणि थांबल्यावरही थोडा वेळ बोट मशीनमध्येच ठेवा कारण आकडा उशिरा दिसतो, कधी कधी सगळ्यात कमी रीडिंग थांबल्यावरच येतं. बऱ्याच ठिकाणी व्यायामात ऑक्सिजन ८८ च्या आसपास किंवा त्याच्या वर ठेवतात, बाबांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. ऑक्सिजन लावला म्हणजे माणूस शेवटच्या स्टेजला गेला असं काही नाही, तो लावून बाबा जास्त वेळ चालू शकतील आणि तेव्हाच स्नायूंना खरा व्यायाम मिळेल.

स्पायरोमीटरबद्दल माझं मत जरा कडक आहे. ऑपरेशननंतर ते उपयोगी पडतं, पण ताठर झालेलं फुफ्फुस बॉल वर नेऊन मऊ होत नाही. ओढायचं तर ओढू दे, पण तोच व्यायाम समजून पाय गादीवर ठेवून बसले तर काय उपयोग!

रिहॅब म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. सुरुवातीला वॉक टेस्ट, मग तिच्यावरून वेग ठरतो. बाथरूमपर्यंत दम लागणाऱ्याला कोणी सलग अर्धा तास चालवत नाही, मिनिट-दोन मिनिटं चालायचं, थांबायचं, आकडा वर आला की पुन्हा चालायचं. दमाला ० ते १० मध्ये मार्क द्यायला शिकवतात, ३-४ पर्यंत चालेल, म्हणजे दम लागतोय पण छोटं वाक्य बोलता येतंय. सोबत खुर्चीतून उठ-बस आणि हलकी वजनं, जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, कारण काहींना फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशरही वाढलेलं असतं. आणि दम एक-दोन आठवड्यांत अचानक वाढला किंवा ताप आला तर व्यायाम बंद, आधी हॉस्पिटल.

प्रश्न : मला स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार) आणि त्यातून आयएलडी. आठ आठवडे रिहॅब केलं, पण फुफ्फुसाच्या टेस्टचे आकडे होते तिथेच आहेत. मेहनत वाया गेली का? आणि घरी कधी कधी ऑक्सिमीटर ७८ दाखवतो तेव्हा मला तर काहीच होत नसतं, पण घरचे घाबरतात.

उत्तर : वाया नाही गेली, चुकीच्या कागदावर शोधताय. रिहॅबने एफव्हीसी (जोरात फुंकून एकूण किती हवा बाहेर येते) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो) हे टेस्टचे आकडे वाढावेत अशी अपेक्षाच नसते. पहिल्या दिवसाची वॉक टेस्ट आणि आत्ताची शेजारी ठेवा, आणि स्वतःला विचारा की अंघोळ करताना, जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं. फक्त आता सोडू नका, स्नायू सोडलं की परत उतरतात, त्यामुळे घरी चालणं आणि उठ-बस चालू ठेवायची.

७८ चं म्हणाल तर स्क्लेरोडर्मात बोटं गार पडून पांढरी-निळी होतात ना, तिथे रक्तच नीट पोचत नाही, मग मशीन तरी काय वाचणार. नेलपॉलिश असेल तर काढा, हात गरम करा, दुसरं बोट बघा, आणि मशीनवरची पल्स तुमच्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही खरा धरू नका. रिहॅब सेंटरला कपाळाचा किंवा कानाच्या पाळीचा प्रोब आहे का विचारा, तुमच्यासारख्यांना तोच बरा. पण हात गरम असताना, पल्स जुळत असताना परत परत कमीच आलं तर "मला काही होत नाही" म्हणून सोडून देऊ नका, या आजारात ऑक्सिजन खाली जाऊनही काहींना फारसं जाणवत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.