पासिंगआधी गॅरेजवाल्याला काय सांगायचं

टेम्पोला आठ वर्षं झाली ना? मग आरटीओची फिटनेस तपासणी, म्हणजे पासिंग, आता दरवर्षी. ‘पासिंगपुरते चांगले टायर लावतो, नंतर तुझे परत घाल’ असं म्हणणारा गॅरेजवाला भेटला तर तिथंच नाही म्हण. तपासणी एका दिवसाची. भरला टेम्पो घेऊन कात्रजचा घाट तुलाच उतरायचाय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, हे जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर, लिहूनच घे. बरेचजण नुसतं ॲडजस्ट करून देतात. तू चाकातला ब्रेकचा ड्रम उघडायला लाव. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणारा भाग) गळतोय का, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) तेलकट झालेत का, स्वतः बघ. लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच. जुने पार्ट मागून घे. हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर टेप ही किरकोळ कामं, पीयूसीसोबत उरकून टाक.